सलीमचाचाचा आवाज

तुमाले वाटलं असन, हा पोट्टा आता कोणाची तरी नक्कल करन अन् आपल्याले हसवन. नक्कल हाय — पन हसू नका. हे मी कोणालेच सांगितलं नाही. मायलेबी नाही.

लॉकडाऊनचं साल. आमी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाले. माह्या दोस्ताची, मंग्याची इंटर्नशिप मूर्तिजापूरकडं, वावरात. माही ऑनलाइन — शहरात, राजापेठेतल्या घरी, पंख्याखाली. तो चिखलात, अन् मी त्याले चहाचे फोटो पाठवून राहिलो. सर्टिफिकेट दोघालेबी सारखंच, मंग हुशार कोण?

माह्यं काम एवढंच — दर सोमवारी कास्तकारायले फोन लावाचा, कपाशीतल्या सापळ्यात बोंडअळीचे पतंग किती पडले ते इचाराचं, रेकॉर्डिंग कॉलेजातल्या सरले पाठवाचं. पतंग वाढले की सर कास्तकारायले फवारणीचा मेसेज टाकत. फोन अ‍ॅपवरून लागे. तिकडून उलटा लागतच नसे.

माह्या यादीतले मूर्तिजापूरकडचे सलीमचाचा लय बोलत. बकरीपासून जावयापर्यंत. कटाळा आला — अन् त्याहिचा आवाज तर मले काढता येतच होता. होस्टेलच्या ग्रुपवर काढून टाकला की पोट्टे लोळत. मंग काय? दोन सोमवार फोन लावलाच नाही; दार लावलं, रेकॉर्डिंग चालू केलं, मीच इचारलं, मीच चाचावानी खाकरलो — 'बेटा, दोन-तीनच पतंग हायेत, फिकर नको करू.'

सरनं लिहिलं, छान संवाद.

मेसेज गेला नाही. चाचानं फवारलं नाही — काहून का पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, आमचा मेसेज येईन तवाच फवारा.

मंग एक दिवस मंग्या चाचाच्या वावरातून गेला. फोटो आला. फोडलेलं बोंड, आत गुलाबी अळी. वावरभर तेच, म्हणे.

रेकॉर्डिंग सरपाशी होतं. चाचानं ते आयकलं तर? आपलाच आवाज, अन् आपण कधी बोललोच नाही ते बोलून राहिला — काय वाटन मानसाले? अजूनबी अनोळखी नंबर आला की मी उचलत नाही.

गाड्या सुरू झाल्यावर चाचाकडं गेलो. सांगाचं ठरवूनच गेलो होतो. चाचा किडकी बोंडं तोडून पोत्यात भरून राहिले होते. माह्यं नाव आयकताच भडकले — पन कशावून?

'दोन हप्ते मोबाइल उशाशी घेऊन बसलो रे. वाटलं, पोट्ट्याले कोरोना झाला. कोणाच्या हातून निरोप त धाडाचा.'

मी म्हटलं, हो. बिमार होतो.

मंग त आखीनच बोलले. 'असं अंगावर काढतेत काय, गाढवा? मायबाप नाही काय तुले?'