दोन मानांचा मोर

येवल्यात पैठणीच्या मागावर बसणाऱ्या गुलजारबीला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. लोक तिला खडूस म्हणत. खरी गोष्ट ती कुणाला सांगत नसे. खळखळून हसू आलं की तिचे गुडघेच जात, मान लुळी पडे, आणि सगळं कळत असूनही बोट हलत नसे. म्हणून बाईने हसणंच टाकलं होतं.

दुसरं दुखणं मात्र लपेना. भर दिवसा विणता विणता तिचा डोळा लागे आणि हात चालूच राहत. वीस वर्षांची सवय, ते कशाला थांबतात! जाग आली की पदरावर भलताच मोर उभा, एकदा तर चक्क दोन मानांचा. मालक योगेशशेठ वैतागला. लग्नाची पैठणी होती. आणखी एक मोर बिघडला तर माग दुसरीला देईन, असं त्याने स्वच्छ सांगितलं. शेजारणी आळशी म्हणाल्या, नवरा नजीर ताईत आणायला निघाला.

गुलजारबीचं डोकं मात्र जागं होतं. चुकलेला मोर ती योगेशशेठच्या नजरेस पडायच्या आत उसवे; आता उसवण्याआधी ती मोबाइलवर त्याचा फोटो काढू लागली. पंधरा दिवसांनी फोटोंच्या वेळा पाहिल्या, तर सगळे मोर अकरा आणि तीनच्या सुमाराला बिघडलेले. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या बाईची ही हुशारी! ते फोटो घेऊन ती एसटीने नाशिकला, इंदिरानगरच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

हसण्याचं दुखणंही तिने तिथे पहिल्यांदाच सांगितलं. डॉक्टरबाईंनी डोक्याला तारा लावून तिची झोप तपासली आणि मग समजावलं. मेंदूत खोलवर माणसाला जागं धरून ठेवणाऱ्या थोड्याशा पेशी असतात, तिच्या त्या जवळजवळ संपल्या होत्या. म्हणून झोप वाटेल तेव्हा आत शिरे. स्वप्न पडताना सगळ्यांचंच अंग लुळं पडतं, तिचं ते हसताना जागेपणी पडे.

"म्हणजे माझा आळस नाय?" तिने विचारलं.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय अकरा आणि तीनला गुलजारबी मागाशेजारी चटई टाकून वीस मिनिटं हक्काने झोपू लागली. योगेशशेठ आधी कुरकुरला. पैठणी पुरी झाली तेव्हा त्याने पदरावरचा एकेक मोर बोट ठेवून तपासला, आणि पुढच्या साडीचं रेशीम तिच्याच पुढ्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी नजीर मोबाइलवरचे जुने फोटो बघत बसला होता. दोन मानांचा मोर पाहून म्हणाला, "हे तर आपण दोघं. एक झोपलं की दुसऱ्याने जागायचं."

गुलजारबीला हसू फुटलं. हातातली रेशमाची कांडी गळाली, मान कलली. नजीरला आता सगळं ठाऊक होतं. त्याने तिची मान तळहातावर झेलली आणि तिचं हसून होईपर्यंत तशीच धरून ठेवली. तिनेही हसू आवरलं नाही.