काजवालीचं रिकामं घर

काजवाली म्हणजे माझी शेजारीण. शर्टांना हातानं काजं घालायचं काम तिनं जन्मभर केलं. शिवणाच्या कारखान्यात ती खिडकीपाशी बसायची आणि मी पलीकडच्या टेबलावर इस्त्री करायची. तिच्या काजात बटण अडून बसायचं नाही आणि आपोआप निसटायचंही नाही. अशा बाईला मदत संस्थेच्या शिकल्यासवरल्या लोकांनी आयुष्यभर काय म्हटलं? 'केस'! हा शब्द ऐकला की अजून शिसारी येते मला.

या लोकांचा पाय तिच्या घराला लागला तो ती एवढीशी असताना. बाप खोकून खोकून गेलेला, आई लोकांची धुणी धुवायची. मदत संस्थेच्या बाया यायच्या, बड्या घरच्या, पगार न घेणाऱ्या. नाकाला रुमाल लावून आत शिरायच्या आणि हात थेट फळीवरच्या डब्यांना. झाकण उघडायचं, आत डोकवायचं. पीठ दिसलं की, "अगं, तुमच्याकडे तर आहे की!" झालं! पुढचं पीठ बंद, कोळसा बंद. वर आणखी ऐकवायच्या, की आम्ही भीक घालत नाही, मैत्री करायला येतो. डोंबलाची मैत्री! मैत्रीण कधी दुसरीच्या घरातले डबे उचकते का? असंच एकदा पीठ सापडलं, आणि त्या थंडीत काजवालीचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून तिच्या आईनं घराला वळण लावलं. बाया येणार असं कळलं, की डबे शेजारी नेऊन ठेवायचे.

पुढे लग्न झालं, पोरगी झाली, नवरा पळाला. काजवाली पोरीसाठी दूध मागायला संस्थेत गेली. आता तिथं पगारी माणसं आली होती, परीक्षा दिलेली. साहेब घरी आला तेव्हा हिचे डबे माझ्या सासूबाईंकडे होते. पण या साहेबानं डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची ओढून मऊ आवाजात विचारतो, "लहानपणी आईचा राग यायचा का? स्वप्नं कसली पडतात?"

"दुधाची," ही म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं. दूध मंजूर झालं तोवर पोरगी चालायला लागली होती. तोंडाला पानं पुसायची ती किती प्रेमानं पुसावीत!

संस्थेच्या वाढदिवसाला खुर्च्या भरायला म्हणून आम्हाला बोलावलं होतं. संचालकांनी भाषण ठोकलं. जर्मनीत म्हणे शहराचे भाग पाडून एकेका स्वयंसेवकाकडे थोडी थोडी घरं दिली. इंग्लंडात ठरलं, आधी चौकशी, मग मदत. अमेरिकेत त्या चौकशीचं शास्त्र झालं, कॉलेजं निघाली. मग मनाच्या डॉक्टरांचं वारं शिरलं. आणि आता म्हणे माणसानं आपला निर्णय आपणच घ्यायचा, संस्थेनं फक्त शेजारी उभं राहायचं. "बघा, किती लांब आलो आपण!" टाळ्याच टाळ्या. काजवाली माझ्या कानाशी लागली, "एवढे देश हिंडून शेवटी माझ्याच घरात यायचे होय गं?" मी फिसकन हसले. इतकं बोलला तो माणूस, पण घराघरातली माणसं यातून काय शिकली याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

मग काजवालीची मुलगी आजारानं गेली आणि मागे नात राहिली. आजी एकटी, थकलेली, म्हणून शाळेनं संस्थेला कळवलं. आता संस्था ठरवणार, नात आजीकडे राहणार की बालगृहात जाणार. म्हातारीचा जीव टांगणीला लागला. त्या पोरीपायीच तर ती जगत होती. तिच्यासाठी दूध, अंडी, फळं आणायची, स्वतः शिळं खायची. पोर कशी गुटगुटीत होती!

संस्थेची माणसं घर बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी काजवालीनं तांदूळ, पीठ, डाळ, दूध पावडर, पोरीची नवी गादी, सगळं माझ्याकडे आणून टाकलं. आमच्या गल्लीची रीतच ती. मीही ठेवून घेतलं.

मॅडम आल्या. तरुण, गोड. चपला दाराबाहेर काढल्या. "आजी, तुमची परवानगी असेल तर स्वयंपाकाची जागा बघू?" मी दारातच उभी होते. फळीवर एक साखरेची बरणी सोडली तर खडखडाट. मॅडमनी पोरीला जवळ घेतलं. "बाळा, तू काय खातेस गं?"

पोरीनं आजीकडे पाहिलं. आजीनं पढवलं होतं तसं म्हणाली, "काही नाही."

मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "अहो, सगळं माझ्याकडे आहे, थांबा!" त्या माझा हात थोपटून म्हणाल्या, "शेजारी असावेत तर असे." त्याच आठवड्यात गाडी आली. पोर आजीच्या पदराला धरून किंचाळत होती आणि ड्रायव्हर तिची बोटं एकेक करून सोडवत होता. मॅडम म्हणत होत्या, "रड, बाळा, रडू दाबायचं नसतं." थू!

मी ते डबे उचलून संस्थेत गेले आणि तिथल्या साहेबाच्या टेबलावर आदळले. तो हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाहीत हो, तांदूळ आहेत हे!"

सांडलेले दाणे त्यानं बोटाच्या टोकानं बाजूला सारले आणि लगेच रुमालानं बोट पुसलं. त्या बोटाची किळस अजून जात नाही माझी. शेवटी एवढंच पदरात पडलं, की पुढच्या महिन्यात पुन्हा भेट होईल. घर ठीक दिसलं तर नात परत मिळेल.

घरी येऊन मी काजवालीला समजावलं. गळा फाडून समजावलं, की घर रिकामं दिसलं म्हणून पोर नेली, आता भरून ठेव. तिनं हूं हूं केलं. मला वाटलं, पटलं.

भेटीचा दिवस उद्यावर आला. संध्याकाळी दार वाजलं. काजवाली उभी, दोन्ही काखांत डबे.

"मागच्या वेळी साखरेची बरणी फळीवरच राहिली होती गं," ती म्हणाली. "तीच दिसली असणार त्यांना. या वेळी सगळं आणलंय."

मी दारात आडवी उभी राहिले. "घेऊन जा ते परत. मी ठेवून घेणार नाही."

तिचा चेहरा पडला. माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच त्या संस्थेची.

"का गं?" ती म्हणाली. "माझी नात परत यावी असं वाटत नाही का तुला?"