ईदच्या दिवशी कचेरी उघडी

स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायला लई हिंमत लागते. माझ्याकडं ती आहे. हसा खुशाल!

क्रांती चौकाजवळ आमची सरकारी कचेरी, मी तिथला कारकून. एकदा सगळ्यांनी मिळून कचेरीत सत्यनारायण घातला आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या टेबलाशेजारी चौरंग! फायलींच्या कपाटाला केळीचे खुंट! मी ओरडलो, "सरकारला धर्म नसतो! पूजा आपापल्या घरी करा!"

माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनंदाताई प्रसाद वाटता वाटता म्हणाल्या, "व्हय का भाऊसाहेब? मग देवाधर्माच्या सुट्ट्या बऱ्या गोड लागत्यात तुम्हाला!"

झोंबलं ना राव! त्याच दुपारी साहेबांना अर्ज दिला. यापुढं कुठल्याही धर्माच्या सणाला मी सुट्टी घेणार नाही, कामावर येणार. साहेबांनी हसत हसत सही ठोकली.

पहिलीच सुट्टी आली रमजान ईदची. पावणेदहाला मुकुंदवाडीहून डबा घेऊन मी हजर. बघतो तर दाराला हे एवढं कुलूप! बावीस वर्षं नोकरी झाली, पण कचेरीला कुलूप असतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी पोचायच्या आत आमचे शिपाई रफिकभाई ते रोज उघडून ठेवत. आणि रफिकभाई आज कुठं असणार? बिडकीनला, स्वतःच्या घरी!

शहाण्या माणसानं गुमान परत जावं की नाही? पण उद्या सुनंदाताई काय म्हणतील? लावला फोन.

"ईद मुबारक, भाऊसाहेब!"

"मुबारक, मुबारक. किल्ली कुठंय?"

"अब्बीच नमाजहून आलो. पाहुणे बसलेत घरात... बरं, येतो."

लाज वाटली हो, खरंच वाटली. वर्षाचा सण माणसाचा! पण माघार घेतली तर तो मी कसला?

तासाभरानं दारात जीप थांबली. रफिकभाई, भाभी, दोन सुना, पाच नातवंडं, वर पाहुणे आणि एक भलंमोठं पातेलं उतरलं.

"हे काय?"

"तुमी तत्त्व सोडंना, मी ईद सोडंना," रफिकभाई म्हणाले. "मग इथंच करू की!"

माझ्याच टेबलावर दस्तरखान पसरलं. मी तोंड वाकडं करून बसलो, ते शीरखुर्म्याची पहिली वाटी येईपर्यंत. मग तीन वाट्या झाल्या. रफिकभाईंनी कौतुकानं फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेब लालबुंद. "सरकारी कचेरीत धार्मिक कार्यक्रम कुणी केला?"

रफिकभाई पुढं होणार, तोच मी उभा राहिलो. "माझ्यामुळं झाला! लिहा माझं नाव. पण कचेरीत सण नकोत, हे माझं मत आजही कायम आहे!"

साहेबांनी मस्टर मागवलं. त्या तारखेला सही एकच, टपोऱ्या अक्षरात, माझी. बाकी सगळा स्टाफ सुट्टीवर. रफिकभाईसुद्धा सुट्टीवर! म्हणजे कागदोपत्री बघाल, तर सरकारी कचेरीत ईद साजरी केली ती मी एकट्यानं!