दुसरी बाटली

भाच्याचं पोस्टकार्ड बुलढाण्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा बाईला, माझ्या थोरल्या बहिणीला, जाऊन चार दिवस झाले होते. आता महिना होत आला. लिहू नये असंच वाटत होतं... पण तिच्या डोळ्याचं खरं काय ते आता माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही.

बाई डोणगावात घरीच कपड्यांचा साबण करी. वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा त्या दिवसांत एका दुपारी कॉस्टिक सोड्याचं पाणी तिच्या डाव्या डोळ्यात उडालं. शेजारणींनी घागरभर पाण्यानं डोळा धुतला, आणि मी कचेरीतून रजा काढून तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कॉर्टिझोनचे थेंब दिले. औषध तेव्हा नवंच निघालं होतं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “दहाच दिवस. मग बंद करून दाखवायला आणा.”

आठवड्यात लाली उतरली, ठणका गेला. बाई ओसरीवर बसून डाळ निवडू लागली. “बाबू, मले तुह्या सदऱ्याच्या गुंड्या दिसून राह्यल्या,” म्हणाली. दहाव्या दिवशी कचेरीत तपासणी होती. रजा मिळाली नसती... खरं म्हणजे मी मागितलीच नाही. “आनखी एक बाटली आन ना,” बाई म्हणाली, “इतका गुन आला तं काऊन थांबाचं?” मी औषधाची जुनी चिठ्ठी पाठवून नागपूरहून दुसरी बाटली मागवली. डॉक्टरांचं बजावणं तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या डोळ्यातून एकदम पाणी वाहिलं. “या थेंबांनी दाह शमतो, पण जखम भरणंही मंदावतं,” डॉक्टर म्हणाले, “बुबुळ विरघळून फुटलंय.” डोळा काढावा लागला.

परतीच्या गाडीत मी तिला सारं सांगितलं. अकोला आलं तशी तिनं पदर पुढे ओढून घेतला. मग म्हणाली, “घरी कोनाले सांगू नोको.” तिनंही कधी सांगितलं नाही. मात्र त्यानंतर माझ्या हातचं औषध तिनं घेतलं नाही. शेवटच्या दुखण्यातही भाच्यानं दिलेली गोळी ती गिळायची, मी दिलेली उशाशी तशीच राहायची.

तेराव्याला गेलो तेव्हा दारातून आत शिरताच पिशवी डावीकडे भिंतीशी टेकवली. बाईच्या सुनेनं ती लगेच उचलली.

“तिथं नका ठेवू मामाजी, आत्याबाईले दिसत नाही त्या अंगानं...”

एवढं बोलून ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.