माकणीच्या वाटेवरची हरणं

माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, जन्मभर उमरग्याहून सुटणाऱ्या बसवर ड्रायव्हर होते. रोज घरी आले की जेवताना सांगायचे, कुठं कोल्हा आडवा गेला, माकणीच्या अलीकडं हरणं किती दिसली. आई म्हणायची, सगळी जनावरं ह्यांनाच बरी भेटतात, आपल्या दारावरनं नुसते ट्रक जातात.

रिटायर झाल्यावर पहिल्याच जानेवारीत त्यांनी माझ्या नवऱ्याची जीप मागून घेतली. आईला, आम्हा दोघांना आणि आमच्या दोन्ही मुलींना ती जनावरं दाखवायला घेऊन निघाले. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली होती.

अप्पा एकेका ठिकाणी गाडी थांबवत होते. जिथं कोल्हे दिसायचे, तिथं आता वीटभट्टी होती. पुढच्या माळावर ऊस उभा होता. तिसऱ्या जागी पेट्रोलपंप. अप्पा आधी हसले, मग नुसतेच पुढं बघत गाडी हाकायला लागले. बारा वाजले तरी साधा ससा दिसला नव्हता. धाकटीनं विचारलं, आजोबा गोष्टी रचून सांगत होते का? मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

माकणीच्या धरणाचं पाणी लांबून चमकायला लागलं आणि अप्पांनी हळूच ब्रेक दाबला. डाव्या हाताच्या पडीक रानात हरणं चरत होती. माद्या, पिल्लं, आणि मधोमध पिळदार शिंगांचा एक काळाभोर नर. आईनं तोंडाला पदर लावला. आम्ही सगळे आवाज न करता खाली उतरलो.

एवढ्यात मागून एक कार आली. आत आमच्यासारखंच कुटुंब. त्या माणसानं जवळून व्हिडिओ काढायला गाडी थेट रानाकडं वळवली. अप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, गाडी घातली तर कळप उधळंल अन् पिल्लू मागं ऱ्हाईल," ते म्हणाले. "जरा दम धरा. पाण्याला जायला ती इकडंच येतात."

त्या माणसाला ते पटलं असावं. त्यानं इंजिन बंद केलं आणि बायको-मुलांसह आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. पाव तास तसाच गेला. मग कळप हलला. पहिली मादी रस्त्याच्या कडेला थबकली आणि तिनं एका उडीत रस्ता ओलांडला. तिच्यामागून एकेक उडी येत राहिली. पिल्लं तर उगीचच, काही आडवं नसताना उंच उडत होती. धाकटी ओठातल्या ओठात मोजत होती, विसाच्या पुढं चुकली. सगळ्यात शेवटी नर आला, चालत, कसलीच घाई नसल्यासारखा.

"लई देखणं हाय वो," आई अप्पांना म्हणाली. "इतकी वर्सं एकट्यानंच बघितलं व्हय तुम्ही?"

अप्पांना हसू आवरेना. आम्ही कारवाल्यांनाही भाकरी खायला बसवलं.

त्यानंतर अप्पांनी पत्र्यावर स्वतः रंगानं लिहिलं, 'हरणांची वाट. गाडी सावकाश न्या.' हरणं हरभरा खातात म्हणून कुरकुरणाऱ्या त्या रानाशेजारच्या शेतकऱ्यानंच पाटी रोवायला खड्डा खणून दिला आणि वर खांबही धरला. आता दर महिन्याला आई-अप्पा दोघं तिकडं जातात. एखाद्या खेपेला कळप दिसला नाही, तर आई दुसऱ्या दिवशी सकाळीच चपला घालून तयार असते.