सात एक आणि माझी खोटी बाकी

आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्याला भागाकार मिळायचा आणि चुकीच्या भागाकाराला छडी. फळ्याच्या कोपऱ्यात गुरुजींनी सात एक ओळीनं लिहून ठेवले होते: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही संख्या मूळ आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जाणार नाही, असा त्यांचा हट्ट. तो सिद्ध करायला एक हजार एक्कावन्नपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं होतं. त्याहून मोठा अवयव असलाच तर त्याचा जोडीदार लहान असणार, म्हणून पुढं जायचं कारण नव्हतं. चार वर्ग एकट्यानं सांभाळणाऱ्या माणसाला एवढी सवड कुठली? म्हणून आम्ही उशिरा येणारे कामाला.

मी पिंजाऱ्याची मुलगी. सकाळी अब्बांच्या हाताखाली काम केलं की केसांतला कापूस निघता निघत नसे, त्यामुळे माझा उशीर ठरलेलाच. गुरुजींचं गणित पुढं सरकलं त्याचं बरंचसं श्रेय माझ्या केसांना आहे.

एका पोरानं सतरानं भागून बाकी शून्य आणली. गुरुजींनी तपासलं, तर ती आठ निघाली. पोराच्या हातावर दोन छड्या बसल्या. ते पाहून मी मनाशी पक्कं केलं, की शून्य आणायचं नाही.

आणि नेमकं माझ्याच नशिबात दोनशे एकोणचाळीस आलं. शेवटी दोन हजार एकशे एक्कावन्नातून दोन हजार एकशे एक्कावन्न वजा. शून्य! पुन्हा केलं, पुन्हा शून्य. मी घाबरून पाटी पुसली आणि सांगितलं, "गुरुजी, बाकी पाच." ते फक्त शून्यच तपासायचे. पाच वहीत उतरला.

चार वर्षांनी अब्बा गुरुजींची गादी पिंजायला गेले आणि येऊन म्हणाले, "गुरुजी लई खुशीत हायेत. रिटायर व्हायलेत न्हवं? रविवारी तालुक्याचे सायेब येनार, त्यांच्याम्होरं सांगनार म्हनं, माजा आकडा कशानंच फुटत न्हाई."

हातातली भाकरी मी ताटात परत ठेवली. त्या साहेबांना गणित येत असलं तर? भर सभेत गुरुजींची शोभा झाली असती, आणि तीही माझ्या पाचामुळं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "गुरुजी, दोनशे एकोणचाळीसची बाकी खोटी हुती. शून्य आल्तं."

गुरुजी पाटी घेऊन स्वतः भागत बसले. शून्य आल्यावर पुन्हा एकदा भागून पाहिलं. मग वर न बघता विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सतराच्या टायमाला तुमी त्याला मारलं न्हवतं का?"

त्यांचा चेहरा असा उतरला, की मलाच वाटलं, कशाला आले! भिंतीला टेकवलेली छडी त्यांनी उचलली, इकडंतिकडं पाहिलं आणि कुठं ठेवावी ते न सुचून पुन्हा तिथंच ठेवली.

"म्हणजे दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास," ते म्हणाले. "रविवारी साहेबांना हेच सांगतो. आणि चार वर्षं का कळलं नाही, तेही सांगतो." मग पाटी पुसून माझ्या हातात दिली. "तुला चार वर्षं उशीर झालाय. शिक्षा ठाऊक आहे ना? चार हजार सहाशे एकोणपन्नास फुटतं का बघ."

मी उंबऱ्यापाशी बसले. डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. सातानं भागलं, बाकी एक. अकरानं, बाकी सात. तेरानं, बाकी आठ. प्रत्येक बाकी गुरुजी वाकून स्वतः तपासत होते आणि दर खेपेला सांगत होते, "शून्य आलं तर सांग हं. कुणी मारत नाही."