कावडीचा नवस

माणूस देवावर रुसतो म्हणतात. मी मात्र सरळ वैतागलो होतो. मुलगी झाली आणि पाठोपाठ पत्नीला ताप भरला. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा मी ग्रामदेवीला बोललो, की ही उठली तर वर्षभर रोज खालच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणून तुला स्नान घालीन. ती उठली. पावसजवळच्या आमच्या टेकडीवरील देवळात मी पाणी वाहू लागलो, आणि चौथ्या महिन्यात उजवा खांदा असा ठणकू लागला की सदरा चढवायला हात वर होईना.

शेक झाला, निर्गुडीचा लेप झाला, तापल्या सळईचे दोन डाग झाले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि वात म्हणून तेल दिले. ज्याला त्याला औषध ठाऊक. गुण मात्र कशाचाच नाही. मी कण्हत पायऱ्या चढे आणि मनात देवीशी भांडे: तुझेच पाणी वाहतो ना, मग हात का मोडतेस?

एके सकाळी, वारा उलटा पडल्याने खाडीत थांबलेल्या गलबतावरचा एक म्हातारा खलाशी विहिरीवर आला. बोलण्यावरून मालवणाकडचा वाटला. माझी कावड उचलण्याची तऱ्हा पाहून तो जवळ आला आणि मानेपाशी, दांडी टेकते नेमके तिथे, त्याने अंगठा दाबला. बोटांपर्यंत कळ गेली.

"खांद्याक काय झाला नाय," तो म्हणाला. "हयसर शीर चेपता. गोणी वाहून माझापण असाच झालेला. दांडी सोडा, हात बरो होतलो."

"नवस आहे," मी त्रासून म्हणालो.

"मग देवीक सांगा," म्हणत तो घागर घेऊन चालू लागला.

घरी हे चिडूनच सांगितले. नवस सोडू का, असा गुरवाला देवीला कौल लावायला सांगतो म्हटले, तर पत्नी म्हणाली, "कौल कशाला? नवस माझ्यासाठीच होता ना? उद्यापासून कळशी मी घेते. तुम्ही फुलं घ्या."

मला ते बोचले. पण दुसऱ्या दिवशी हात कावडीपर्यंत पोचलाच नाही, आणि ती कमरेवर कळशी घेऊन पुढे निघाली.

तीन महिन्यांत हात डोक्यावर जाऊ लागला. गलबत केव्हाच गेले होते. खलाशाचे नाव विचारायचेही मला सुचले नव्हते. त्याला देवीने पाठवला की वाऱ्याने, हे मी ठरवत बसत नाही. खांदा तिने मागितला नव्हता, मीच हट्टाने पुढे करीत होतो, एवढे कळले. वर्ष भरले त्या दिवशी पत्नी देवीला स्नान घालीत होती आणि मी मागे उभा होतो. पुढचे सगळे महिने मी कावडीला हात लावला नव्हता, तरी नवस फिटला होता. त्या दिवशी प्रथमच मी देवीकडे काही मागितले नाही, की तक्रारही केली नाही.